न पाहिलेलं लोकार्पण

नारळ फुटण्याआधीच तो फुटला असं मी लिहीत असे. एकदोनदा नाही, सहा वर्षं, आठवड्यातून किमान दोन वेळा. रस्त्याचं भूमिपूजन, समाजमंदिराचं उद्घाटन, व्यायामशाळेचं लोकार्पण. कार्यक्रम संध्याकाळी पाचला, आणि माझी बातमी दुपारी दोनला अकोल्याच्या कार्यालयात पोचलेली. तिच्यात टाळ्या वाजून झालेल्या असत, ग्रामस्थांनी समाधान व्यक्त केलेलं असे, आभारप्रदर्शनही उरकलेलं असे.

मी दर्यापूरची तालुका प्रतिनिधी होते. हे काम काय असतं, ते बाहेरच्यांना सांगते. अकोल्याहून निघणाऱ्या दैनिकात आत कुठेतरी तालुक्याचं एक पान असतं. शहरातला वाचक ते उलटून पुढे जातो, तालुक्यातला वाचक तेवढंच वाचतो. ते पान सगळ्यात आधी, दुपारी चारच्या सुमारास बंद होतं, कारण छापलेल्या गठ्ठ्यांना सगळ्यात लांब जायचं असतं. पुढाऱ्यांचे कार्यक्रम मात्र ऊन उतरल्याशिवाय सुरू होत नाहीत. मधली दरी निमंत्रणपत्रिकेनं भरून काढायची, हे माझ्या आधीच्या प्रतिनिधीनं मला पहिल्याच आठवड्यात शिकवलं. पत्रिकेवर सगळी नावं असतात, क्रमानं असतात. 'होणार आहे'चं 'झाले' करायचं. वेळ लिहायची नाही. "सकाळी, संध्याकाळी असं काईच लिवू नोको," ते म्हणाले होते, "म्हनजे कार्यक्रम कवाही झाला तरी बातमी खरीच राह्यते."

मला यात तेव्हा काही वावगं वाटलं नाही, हे आधी कबूल करते. सगळे असंच करत. चूक कशाला म्हणत, तर नावांच्या क्रमाला. एका सरपंचांनी सकाळी सातला फोन करून मला झोपेतून उठवलं होतं: "माहं नाव उपसरपंचाच्या खाली कावून?" एक निवृत्त गुरुजी दर महिन्याला स्वतःच्याच सत्काराची बातमी घेऊन येत. सत्कार करणारी मंडळी दर वेळी वेगळी, शाल तीच. त्यांची बातमी मी कधी नाकारली नाही. निधनाच्या बातम्या मात्र मी फोन करून, विचारून, नातवंडांची नावं तपासून लिहीत असे. आणि एका फाट्यावर एसटी थांबत नव्हती, पोरी शाळेसाठी दोन कोस चालत होत्या, तेव्हा मी लिहिलेल्या चार ओळींनी ती एसटी थांबली. त्या चार ओळींसाठी मी स्वतः तीन दिवस फाट्यावर उभी होते. त्याचा अभिमान मला आजही आहे. बाकीच्या बऱ्याच गोष्टींचा नाही.

माझे बाबा चळवळीतले. आमच्या घरी पाठ्यपुस्तकांआधी पत्रकं आली. गुलाबी, पिवळ्या, पोपटी कागदांचे गठ्ठे पलंगाखाली असत. मी अक्षरं त्यांच्यावरूनच लावायला शिकले. 'जाब विचारा' हे मला वाचता आलेले पहिले दोन शब्द. अशा घरातली मुलगी दुपारी दोनला बसून न झालेल्या कार्यक्रमाच्या टाळ्या लिहीत होती, आणि तिला वाटत होतं की आपण पत्रकारिता करतो.

आता चांदुरीकडे येते. गावाचं हे खरं नाव नाही. खरं नाव लिहिलं तर त्रास तिथल्या माणसांनाच होईल, साहेबांना नाही.

पूर्णेच्या काठचा हा सगळा खारपाणपट्टा. वर काळी कसदार माती, कापूस, सोयाबीन, तूर; आणि खाली खारं पाणी. विहीर खोदा की बोअर मारा, खारंच. त्या पाण्यात डाळ शिजत नाही, साबणाला फेस येत नाही. ते पिऊन पिऊन माणसांची मूत्रपिंडं निकामी होतात. चांदुरीत असं माणूस घरटी नसलं तरी गल्लीत एक होतंच. स्टँडवर चहाची टपरी चालवणाऱ्या नसीमाचाचीच्या घरात ते म्हणजे तिचे नवरे, युसूफचाचा. चाचा पूर्वी पिंजाऱ्याचं काम करायचे, अख्ख्या गावाच्या गाद्या त्यांनी भरलेल्या. त्यांचे पाय सुजायला लागले तेव्हा अकोल्याच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं: पाणी बदला, नाहीतर यांना मशीनवर यावं लागेल. तेव्हापासून चाची दिवसाआड जीपनं दर्यापूरला येऊन दोन कॅन भरून नेत असे. जीपवाला टपावर ठेवू देत नसे, म्हणून ती ते मांडीवर घेऊन बसे. माझी ओळख तिथलीच. जीपमध्ये.

"पेपरवाली हायेस ना तू?" ती म्हणाली होती. "मंग लिव ना. चांदुरीची बाई पानी मांडीवर घेऊन फिरते, लेकरू नाही."

मी लिहिलं. छापूनही आलं. त्यामुळेच असं नाही, पण पुढे दोनेक वर्षांत गोड्या पाण्याच्या योजनेत चांदुरीचं नाव लागलं. टाकी उभी राहिली. गल्लीगल्लीत नळ आले. मुख्य वाहिनी मात्र गावापासून दूर नाल्यापाशी येऊन थांबली होती. थोडं काम बाकी होतं. तेवढ्यात निवडणूक तोंडावर आली आणि साहेबांनी लोकार्पणाची तारीख ठरवली. साहेब म्हणजे आमच्या मतदारसंघाचे लोकप्रतिनिधी. त्यांचे पीए गजूभाऊ. सगळा तालुका त्यांच्याच फोननं चालायचा.

"टाकीत पाणी कुठून येईल?" मी त्यांना विचारलं होतं.

"ताई, त्या दिवसापुरतं टँकरनं भरतो. वाहिनी नंतर जुळते. गाडी आधी, रस्ता नंतर, असंच त सगळं चालू हाये आपल्या देशात." ते हसले. मीही हसले.

त्या दिवशी मी दुसऱ्या गावी खंजिरी भजनांच्या स्पर्धेची बातमी करायला गेले होते. दोनला मोबाईलवरच चांदुरीची बातमी लिहिली. पत्रिकेत सगळं होतं. गजूभाऊंच्या मजकुरात 'महिलांनी पहिला हंडा भरून आनंद व्यक्त केला' असंही होतं. मला ते वाक्य मेलेलं वाटलं. बातमीला चेहरा हवा, असं मला नेहमी वाटे. मी लिहिलं: 'वर्षानुवर्षे दर्यापूरहून कॅनमधून पाणी नेणाऱ्या नसीमाबी यांनी पहिला हंडा भरला, तेव्हा त्यांचे डोळे पाणावले.' लिहून झाल्यावर मला बरं वाटलं होतं. तिला आवडेल, असंही वाटलं होतं.

साडेतीनच्या सुमारास निवडणूक जाहीर झाली. आचारसंहिता लागली. साहेबांच्या गाड्या अर्ध्या रस्त्यातून परत फिरल्या. भजनांच्या मंडपातल्या भोंग्यांच्या आवाजात मला यातलं काही कळलं नाही. साडेपाचला चाचीचा फोन आला.

"अवो, इथं त कोनीच नाई आलं. मंडपवाला मंडप सोडून राह्यला. टँकरही गेला परत. नळाले पानी नाई. तू येऊन राह्यली का?"

"बघते चाची," मी म्हटलं, आणि अकोल्याला डेस्कवर फोन लावला. तिथे सगळे उमेदवारांच्या याद्यांत बुडालेले. डेस्कवरच्या सरांना म्हटलं, चांदुरीचा कार्यक्रम बहुतेक झाला नाही.

"बहुतेक म्हणजे? तू तिथे नाहीस का?"

मी मोबाईलवर हात धरून भोंग्यांपासून लांब गेले.

"पान लागलंय. छपाई सुरू व्हायचीय, काढायचं असेल तर या मिनिटाला सांग, अजून थांबवता येईल. पण त्या तीन कॉलमांत लावू काय? आहे दुसरं काही?"

इथे मी थांबते, कारण पुढचं सगळं या क्षणातून निघालं. 'काढा' एवढं एकच म्हणायचं होतं. ते म्हटलं असतं तर मी न जाता लिहिते हे उघड झालं असतं. म्हणजे जे सगळ्यांना ठाऊक होतं तेच. एवढीशी लाज वाचवायची होती. मी मनाशी म्हटलं, आज नाही तर आठ दिवसांनी होईल. पाणी येणारच आहे, काय फरक पडतो?

"राहू द्या," मी म्हटलं.

सकाळी गजूभाऊंचा फोन. मला वाटलं, रागावतील. ते खुशीत होते. "ताई, लय भारी काम केलं. तुमच्या बातमीत टाईमच नाही! म्हनजे लोकार्पण सकाळीच झालं, आचारसंहितेच्या आधी. कोनाची तक्रार नाही न काही नाही. अशीच राहू द्या."

मी "अहो, पण" म्हणेपर्यंत फोन बंद झाला होता.

चाचीला मी नंतर एवढंच सांगितलं, की आचारसंहितेमुळे राहिलं. बातमीचं सांगितलं नाही. तिला उर्दू वाचता येतं, मराठी नाही. चांदुरीत पेपर दोन घरी येतो. निवडणूक झाली, साहेब निवडून आले. नाल्यापाशी पाइप पडून राहिले, त्यांच्यात साप शिरले. आणि उन्हाळा आला.

त्या उन्हाळ्यात गावानं टँकरसाठी ठराव करून पाठवला. महिना गेला, उत्तर नाही. चाचांचे पाय पुन्हा सुजले होते. दर्यापूरलाही पाण्याची ओढ होती, कॅन कधी मिळत, कधी नाही. चाची माझ्याकडे आली. "चल माह्यासंगं हापिसात. तुह्यं ऐकतीन."

पाणीपुरवठ्याच्या कक्षातले बाबू सज्जन होते. त्यांनी आम्हाला बसवलं, फाईल काढली, आणि न बोलता माझ्यासमोर उघडून धरली. पांढऱ्या कागदावर माझी बातमी चिकटवलेली. वर शिक्का. खाली लाल शाईत: 'योजना कार्यान्वित. टँकरची आवश्यकता नाही.'

"मॅडम, तुमच्याच पेपरात हाये," बाबू म्हणाले. "'ग्रामस्थांनी समाधान व्यक्त केले.' समाधान झालं त मंग टँकर कावून मांगून राह्यले?" मग त्यांनी चाचीकडे पाहिलं. "आन् ह्यातल्या नसीमाबी तुमीच ना? पहिला हंडा तुमीच भरला, डोळ्यात पानी आलं म्हनते."

चाचीनं कात्रणाकडे पाहिलं, मग माझ्याकडे. "मी कवा भरला व हंडा?"

मी फाईल मिटून बाबूंकडे सरकवली.

बाहेर पायरीवर ती बसली. दोन्ही कॅन शेजारी ठेवले. मग तिनं अगदी सरळ आवाजात विचारलं, "तू आली होती त्या दिवशी?"

"नाही."

"मंग लिवलं कसं?"

"पत्रिकेवरून. आमच्यात तसं चालतं."

"आमच्यात शादीचा कार्ड आला म्हून कोनी जेवून आलो म्हनत नाही," ती म्हणाली. आणि कॅन उचलून स्टँडकडे चालू लागली. रिकामे होते दोन्ही.

लोकांना वाटतं, खोटी बातमी म्हणजे कुणीतरी कपटानं पेरलेली. मी तुम्हाला सांगते, ती बहुतेक वेळा आळसानं लिहिलेली असते आणि दुसऱ्या कुणाच्या तरी सोयीनं जगवली जाते. कंत्राटदाराला काम पूर्ण दाखवायचं होतं, साहेबांना लोकार्पण, कार्यालयाला फाईल बंद करायची होती, मला तीन कॉलम. सगळ्यांची सोय झाली. फक्त चांदुरीला पाणी मिळालं नाही.

मी खुलासा लिहून अकोल्याला पाठवला. सरांचा फोन आला. त्यांचा आवाज चिडलेला नव्हता, थकलेला होता. "इतक्या महिन्यांनी? आपणच लिहायचं की आमची प्रतिनिधी गेली नव्हती? मग उद्या लोक विचारतील, बाकीच्या बातम्यांचं काय? काय सांगू मी?"

"खरं सांगा," मी म्हटलं.

"घरी जा," ते म्हणाले. खुलासा छापून आला नाही.

घरी बाबांना सगळं सांगितलं. ते ओरडले नाहीत. ओरडले असते तर बरं झालं असतं. म्हणाले, "या घरातून आजवर खोटं पत्रक निघालं नव्हतं." आणि चष्मा काढून पुसत बसले.

मी प्रतिज्ञापत्र केलं: अमुक बातमी मी प्रत्यक्ष न जाता लिहिली, असा कोणताही कार्यक्रम झालेला नाही, नसीमाबी यांनी हंडा भरलेला नाही. ते कार्यालयात दिलं. त्याच मजकुराचं पत्रक छापलं, खाली माझं नाव आणि पत्ता, आणि दर्यापूरच्या आठवडी बाजारात स्वतः वाटलं. काहींनी ते वाचून खिशात ठेवलं, काहींनी त्याच्यात हिरव्या मिरच्या बांधून नेल्या. एक ओळखीचा भाजीवाला म्हणाला, "ताई, तुमी स्वतःच्याच इरोधात पत्रक वाटून राह्यल्या? असं त पुढारीही करत नाही गा." दुपारी मोबाईलवर एक ओळ आली: वार्ताहरांच्या गटातून मला काढण्यात आलं होतं. माझी नोकरी गेल्याची बातमी मला अशी कळली. वेगळं पत्र कधी आलं नाही.

गजूभाऊंचाही फोन आला. "कायले स्वतःचं तोंड काळं करून घेतलं, ताई? पानी त तसंही येनार नव्हतं." धमकी नव्हती ती. त्यांना खरंच वाईट वाटत होतं, आणि मला सगळ्यात जास्त राग त्याचाच आला.

प्रतिज्ञापत्रामुळे कार्यालयाला पाहणी करावी लागली. अभियंत्यांनी सगळ्या गावासमोर नळ उघडला. आधी फुस्सकन हवा आली, मग मुंग्या. पंचनामा झाला, टँकर मंजूर झाला. पण तोवर उन्हाळा सरत आला होता आणि चाचा-चाची गावात नव्हते. डॉक्टरांनी आता एक दिवसही ते पाणी नको म्हटलं होतं. अकोल्यात एका नात्यातल्यांनी मागची खोली दिली. टपरी बंद करून दोघं तिकडे गेले होते.

सरपंचांनी फोनवर टँकर सुरू झाल्याचं सांगितलं, तशी मी अकोल्याला निघाले. सहा वर्षांत एखादी बातमी सांगायला एवढ्या घाईनं मी कधी गेले नव्हते. खोलीत एक पलंग, एक स्टोव्ह. चाचा भिंतीला टेकून बसले होते, खूप वाळलेले.

"चाची, टँकर सुरू झाला गावात. गोड्या पाण्याचा."

चाचांचा चेहरा उजळला. "मंग सामान बांध," ते तिला म्हणाले. "उद्याच निघू. इथं चार भिंतींशी काय बोलू मी? तिथं निदान कोनी हाक त मारते."

चाची माझ्याकडे पाहत होती. "तू पाहून आली?"

"सरपंचांचा फोन आला होता."

तिनं स्टोव्हकडे तोंड वळवलं. चाचाच म्हणाले, "जाने दे ना व. पोरगी एवढ्या उन्हात खबर घेऊन आली."

"खबर त तवाही आली होती," चाची म्हणाली.

परतीच्या एसटीची वेळ झाली, मला निघावं लागलं. दारात चाचांचा आवाज ऐकू आला, ते कपडे भरायला पलंगाखालची पेटी ओढायला सांगत होते.

दुसऱ्या दिवशी पहिल्या जीपनं मी चांदुरीला गेले. टाकीच्या सावलीत बाया ड्रम, हंडे लावून बसल्या होत्या. मला पाहून एकीनं मान फिरवली. दुसरीनं जागा करून दिली. अकराच्या सुमारास टँकर आला. पाइप ड्रममध्ये पडला, एकच झुंबड उडाली. मी मधे घुसून ओंजळ धरली आणि प्याले. मग पुन्हा धरली, पुन्हा प्याले.

"कुठून भरलं हे?" मी ड्रायव्हरला विचारलं.

त्यानं शेजारच्या गावाचं नाव सांगितलं. त्याच पट्ट्यातलं गाव, त्याच पट्ट्यातली विहीर. "मले काय इचारता? जिथून भर म्हनलं तिथून भरून आनतो."

बायांना ठाऊक होतं. त्या भरतच होत्या. "धुन्याभांड्याले होते," जागा करून देणारी म्हणाली. "आमची आडात बादल्या सोडायची मेहनत वाचली, तेवढंच."

मी टाकीच्या खांबाशी जाऊन फोन लावला. चाचीनं लगेच उचलला, जणू हातात घेऊनच बसली होती.

"टँकर आला चाची. पाणी खारं आहे."

तिकडे स्टोव्हचा आवाज येत होता.

"पिऊन पाह्यलं?"

"हो. दोनदा."

"कुठचं?"

मी विहिरीचं सांगितलं. तिनं स्टोव्ह बंद केल्याचं ऐकू आलं. मग म्हणाली, "बरं झालं जाऊन आली," आणि फोन बाजूला धरून, तरीही मला ऐकू येईल अशा आवाजात, आत म्हणाली:

"अजी, पेटीतले कपडे काढा परत बाहेर."